बुद्ध जुना, बौद्ध नवे : चंद्रपूरच्या जंगलात दर्शनाला जायचं, तर परवानगी कुणाची?

फेब्रुवारी २०२४ मध्ये एक व्हिडिओ तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. ताडोबातला एक वाघ पाणवठ्यावर येतो, पाण्यात पडलेली प्लास्टिकची बाटली तोंडात उचलतो आणि शांतपणे चालायला लागतो. सचिन तेंडुलकरसह कितीतरी जणांनी तो शेअर केला. खाली कमेंट्स ठरलेल्या : माणसांनी वाघाकडून शिकावं, पर्यटकांना दंड ठोका, जंगल बंद करा.

तो वाघ म्हणजे भानुसखिंडी वाघिणीचा बछडा. आणि जागा रामदेगीची टेकडी, चिमूर तालुक्यातली.

कमेंट करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असेल की ही टेकडी फक्त वाघाची नाही. तिथे रामाचं देऊळ आहे. वनवासात राम इथे राहिला, अशी परिसरातल्या लोकांची श्रद्धा. आणि त्याच टेकड्यांमध्ये संघारामगिरी हे बौद्धांचं स्थळ आहे. विहार आहे, भिक्खू राहतात, जानेवारीच्या अखेरीस धम्म समारंभ होतो आणि त्याला विदर्भभरातून पांढऱ्या कपड्यांतली माणसं येतात. भोवती ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचं बफर.

म्हणजे एकाच टेकडीवर वाघ, राम आणि बुद्ध. भांडण होणार नाही तर काय होणार?

पण भांडण तुम्हाला वाटतंय ते नाही. सोशल मीडियावर हा विषय निघाला की गाडी 'आधी कोण होतं' या स्टेशनवर जाऊन थांबते. एक म्हणतो राम आधी, दुसरा म्हणतो 'संघाराम' हा शब्दच बौद्ध आहे, तिसरा म्हणतो वाघ सगळ्यांच्या आधी. प्रत्यक्षात गेटवर, तहसीलमध्ये किंवा वनखात्याच्या कार्यालयात जो प्रश्न विचारला जातो तो वेगळाच आहे : तुम्ही इथे किती वर्षांपासून येताय, आणि कागद आहे का?

या प्रश्नापुढे चंद्रपूरचा बौद्ध माणूस चमत्कारिक अडचणीत सापडतो. त्याचा बुद्ध या जिल्ह्यात हजारेक वर्षांहून जुना. तो स्वतः मात्र १९५६ पासून बौद्ध.

आधी भद्रावतीला जाऊ

चंद्रपूरहून नागपूरकडे निघालं की पंचवीस-तीस किलोमीटरवर भद्रावती लागतं. रेल्वेच्या पाटीवर अजून भांदक. आयुध निर्माणी, आसपास कोळशाच्या खाणी, हायवेवर ट्रकांची रांग. जैन मंडळी इथे केसरियाजी पार्श्वनाथाच्या दर्शनाला देशभरातून येतात, गावातल्या लोकांचा भद्रनाग वेगळा. आणि गावाबाहेर विजासनची टेकडी, जिच्या पोटात बुद्धलेणी आहेत.

अजिंठा-वेरूळ डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. रंगीत चित्रं नाहीत, नक्षीचे खांब नाहीत. पण आराखडा असा आहे की एकदा पाहिला की विसरता येत नाही. एक लांब बोळ सरळ डोंगरात शिरतो, सुमारे सत्तर फूट. टोकाला गाभारा आणि त्यात बसलेला भव्य बुद्ध. या मुख्य बोळाला काटकोनात दोन बोळ, त्यांच्याही टोकाला बुद्धमूर्ती. बाहेर चंद्रपूरचं ऊन असतं तेव्हा आत पाऊल टाकल्यावर काही क्षण काहीच दिसत नाही, मग अंधारातून हळूहळू गुडघे, हात, खांदे उमटत जातात.

१८७३-७४ च्या हंगामात अलेक्झांडर कनिंगहॅम हे सगळं मोजून गेला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा हा पहिला प्रमुख. सातव्या शतकात आलेल्या ह्युएन-त्संगाने ज्या कोसल देशाचं वर्णन केलंय, त्याची राजधानी इकडेच असावी असा त्याचा तर्क होता. आज बरेच अभ्यासक त्यासाठी छत्तीसगडमधल्या सिरपूरकडे बोट दाखवतात. भांदकच्या बाजूने वाद घालायला गावकऱ्यांची तयारी असते, तो भाग वेगळा. राजधानी असो वा नसो, इथे भिक्खूंचा राबता होता हे सांगायला तीन बोळ पुरेसे आहेत.

मग तो राबता थांबला. कधी, कसा, याचं एका वाक्यात उत्तर नाही, पण थांबला. लेणी राहिली, वंदना म्हणणारं कुणी राहिलं नाही. कनिंगहॅम आला तेव्हा ती अवशेष होती, आणि कायद्याच्या संरक्षणाखाली आली तीही अवशेष म्हणूनच.

इथे कायद्याची मेख आहे. प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळांचा १९५८ चा कायदा संरक्षित स्मारकात पूजा बंद करत नाही. उलट, स्मारक हे पूजास्थान असेल तर त्याच्या स्वरूपाशी विसंगत वापर तिथे होऊ नये असं तो सांगतो. नियमांमध्ये सभा-समारंभांना परवानगी लागते, पण मान्य धार्मिक प्रथेनुसार चालत आलेल्या गोष्टींना त्यातून सूट आहे. सगळा भार 'प्रथा' या शब्दावर. संरक्षण मिळालं तेव्हा पूजा चालू होती का? असेल तर चालू राहते. नसेल तर नव्याने सुरू करणं कठीण.

शेजारच्या गडचिरोलीत मार्कंडा बघा. चामोर्शी तालुका, वैनगंगेचा काठ, देखणी शिल्पं. कनिंगहॅम त्याच दौऱ्यात तिथेही गेला होता. तेही पुरातत्त्व खात्याकडेच. पण मार्कंड्याची पूजा कधी खंडली नाही, त्यामुळे महाशिवरात्रीची जत्रा भरते आणि तिच्यासाठी यंत्रणा राबते. देवळाच्या जीर्णोद्धाराचं काम वर्षानुवर्षं रेंगाळलं म्हणून भाविक चिडतात, हे खरं. पण 'तुम्ही इथे पूजा का करता' असं त्यांना कुणी विचारत नाही.

विजासनला तसा रोजचा तंटा नाही, हेही सांगायला हवं. लोक जातात, हात जोडतात, त्रिसरण-पंचशील म्हणतात, बुद्धपौर्णिमेला गर्दी होते. पण मंडप, ध्वनिक्षेपक, रंगरंगोटी, मेणबत्त्यांची काजळी, पायथ्याशी एखादी खोली बांधणं हे विषय निघाले की नियमांचं पुस्तक उघडतं. स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीची अट. यात खात्याचा दुष्टावा शोधायला जाऊ नका. काजळी बुद्धाच्या चेहऱ्यावरच बसते.

१६ ऑक्टोबर

प्रथा कुठून सुरू झाली, याची तारीखच ज्यांच्याकडे आहे असे लोक जगात फार नसतील. चंद्रपूरच्या बौद्धांकडे ती आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली, हे महाराष्ट्रातल्या पोराटोरांना ठाऊक असतं. दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब तेव्हाच्या चांद्याला आले आणि त्यांनी इथे लाखोंना दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने हे घडलं. हेच खोब्रागडे पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले. बाबासाहेबांनी स्वतः दीक्षा दिलेली नागपूरनंतरची ही जागा. पन्नासेक दिवसांनी, ६ डिसेंबरला, ते गेले.

आज तिथे दीक्षाभूमी आहे, डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे, आणि दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला धम्मचक्र अनुप्रवर्तन सोहळा भरतो. नागपूरचा सोहळा उरकून माणसं गाड्या भरभरून चंद्रपूरला येतात. गडचिरोलीच्या आतल्या गावांतून आलेल्या कितीतरी कुटुंबांची ही वर्षातली एकमेव मोठी सहल असते. वंदना, पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे, भजी आणि घरी नेण्यासाठी बुद्धाची एक छोटी मूर्ती.

मूर्तींवरून एक गोष्ट सांगतो. पुढच्या वेळी विदर्भातल्या एखाद्या विहारात गेलात तर मूर्तीच्या डोक्याकडे नीट बघा. सोनेरी झळाळी आणि डोक्यावर निमुळती ज्वाला दिसली की ती घडण थायलंडची. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात अशा मूर्ती मोठ्या संख्येने दान म्हणून आल्या. २०२३ च्या सुरुवातीला शंभरावर थाई भिक्खू परभणीहून चालत मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत गेले. २०२४ मध्ये भारतातून बुद्धांचे आणि सारिपुत्त-मोग्गलान यांचे अस्थिधातू थायलंडला नेले, तेव्हा बँकॉकनंतर चियांग माई, उबोन राचाथानी, क्राबी अशा शहरांतही दर्शनासाठी रांगा लागल्या. देवाणघेवाण जोरात आहे. पण थायलंडच्या एखाद्या जिल्ह्याच्या गावातला माणूस विहारात शिरतो तेव्हा त्याला त्याचा आजा-पणजा तिथे यायचा हे सांगावं लागत नाही. ते सगळ्यांना ठाऊकच असतं. आपल्याकडे तेच सिद्ध करावं लागतं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६५ लाखांवर बौद्ध होते, देशातल्या एकूण बौद्धांच्या जवळपास ७७ टक्के. यातले बहुतेक सगळे एका पिढीत बौद्ध झालेले. त्यामुळे 'परंपरेने चालत आलेली वहिवाट' हा निकष लावला की ही सगळी माणसं रांगेत शेवटी उभी राहतात. बुद्धगयेच्या महाबोधी विहाराचं आंदोलन फेब्रुवारी २०२५ पासून तापलं, त्यात महाराष्ट्रातली माणसं एवढ्या संख्येने का गेली, याचं एक उत्तर इथे आहे. तिथला १९४९ चा कायदा व्यवस्थापन समितीत चार हिंदू, चार बौद्ध आणि अध्यक्षपदी जिल्हाधिकारी अशी मांडणी करतो. हा कायदा झाला तेव्हा दीक्षेला अजून सात वर्षं होती. आज जे सर्वात जोरात मागणी करतात, त्यांना तेव्हा कुणी विचारायचा प्रश्नच नव्हता.

आणि स्वतःच्या मालकीची जागा असली म्हणून सगळं सुरळीत असतं असंही नाही. १ जुलै २०२४ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या कामाविरोधात लोक भडकले, जाळपोळ झाली, सरकारने कामाला स्थगिती दिली. तिथे ना वनखातं होतं ना दुसरा धर्म. जागेचं काय करायचं ते लोकांना विचारून ठरवा, एवढीच मागणी होती.

आता परत टेकडीवर

डिसेंबर २०१८ मध्ये रामदेगीच्या जंगलात एक भिक्खू विहारापासून काही अंतरावर झाडाखाली ध्यानाला बसले होते. बिबट्याने त्यांच्यावर हल्ला केला आणि ते गेले. वय पस्तिशीच्या आसपास. आत जाऊ नका, असं वनखात्याने आधीच सांगितलं होतं. बातमी परदेशी माध्यमांपर्यंत गेली. 'ध्यानस्थ भिक्खू आणि बिबट्या' ही बातमी जगाला हवीच असते.

वनखात्याचं म्हणणं तिथून पुढे सोपं झालं. तेही समजून घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. गर्दी म्हणजे जेवणावळी, जेवणावळी म्हणजे खरकटं. खरकट्यावर डुकरं आणि कुत्री येतात, कुत्र्यांमागे बिबट्या. संध्याकाळी परतणारी दुचाकीवरची माणसं सगळ्यात धोक्यात. आणि बाटल्या, त्या तर वाघानेच दाखवल्या. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात माणूस मरणं ही अपवादाची बातमी राहिलेली नाही. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात मेंढा माल इथे तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी गेल्या. दोन दिवसांनी बुद्धपौर्णिमा होती.

बुद्धपौर्णिमेचं नाव निघालंच आहे, तर वनखात्याच्या कॅलेंडरमध्येही ती रात्र महत्त्वाची असते. उन्हाळा कडक, पाणवठे थोडे, चांदणं लख्ख. प्राणी मोजायला यापेक्षा चांगली रात्र नाही. पूर्वी प्राणिगणना म्हणायचे, आता 'निसर्गानुभव' म्हणतात. ताडोबाच्या बफरमधल्या मचाणांचं ऑनलाइन बुकिंग होतं, पैसे भरून हौशी मंडळी येतात, रात्रभर मचाणावर बसतात आणि सकाळी स्टोरी टाकतात. उपक्रम चांगलाच आहे. पण परिसरातल्या एखाद्या बौद्ध पोराच्या डोळ्यांनी बघा. बुद्धाच्या नावाच्या रात्री, बुद्धाच्या टेकडीभोवतीच्या जंगलात पुण्या-मुंबईचा माणूस तिकीट काढून बसू शकतो. याला वंदनेला जायचं तर अर्ज, वेळेची अट आणि गाड्यांवरून वाद.

हा काही कुणा अधिकाऱ्याचा खवचटपणा नाही, कायद्याच्या रचनेतच ते आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं कलम २८ वाचा. अभयारण्यात जायला परवाना कशासाठी देता येतो, त्याची यादी तिथे आहे : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्या माणसाशी कायदेशीर व्यवहार. दर्शन, वंदना, जत्रा हे शब्द यादीत नाहीत. म्हणजे गाभा क्षेत्रातल्या देवाला जायचं तर तुम्ही पर्यटक व्हा, नाहीतर खात्याच्या मर्जीवर जा.

याचा सगळ्यात मोठा फटका बौद्धांना नव्हे, गोंडांना बसला. 'ताडोबा' हे नावच त्यांच्या तारू देवाचं. तलावाच्या काठी झाडाखाली त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरायची. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे शेजारचं अंधारी अभयारण्य आलं, मग व्याघ्र प्रकल्प, मग बोटेझरी, नवेगाव, जामणी अशी आतली गावं उठली. ज्याच्या नावाने हे जंगल जगभर ओळखलं जातं त्या देवापर्यंत जायचा रस्ता आता गेटमधून आणि वनखात्याच्या वेळापत्रकातून जातो. 'आधी कोण' हा मुद्दा खरंच चालत असता तर तारूच्या माणसांना कुणी अडवू शकलं नसतं. तेव्हा जुनेपणाचे पुरावे गोळा करून रामदेगीचा निकाल लागेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी ताडोबा तलावाकडे बघावं.

रामदेगीच्या बाबतीत एक फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. ताडोबा-अंधारीचं गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, बफर सुमारे ११०१. याच वन्यजीव कायद्यात २००६ च्या दुरुस्तीने कलम ३८ व्ही आलं. बफर कशासाठी, हे त्यात सांगितलंय : वन्यजीव आणि माणूस यांचं सहजीवन, आणि स्थानिकांच्या उपजीविकेच्या, विकासाच्या, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांची दखल. सांस्कृतिक हा शब्द कायद्यात लिहिलेला आहे. शिवाय बफरच्या मर्यादा ग्रामसभेशी सल्लामसलत करून ठरवायच्या आहेत. म्हणजे बफरमधल्या राम मंदिराला किंवा बुद्धविहाराला जाणारा माणूस हा घुसखोर नाही. बफर ज्यांच्यासोबत चालवायचं आहे, त्यांच्यातला तो एक आहे. मात्र राखीव जंगलाचे नियम तिथेही लागू असतातच, तेव्हा याचा अर्थ 'वाट्टेल तेव्हा, वाट्टेल तेवढे' असाही होत नाही.

मग वनहक्क कायदा?

हा प्रश्न विचारणारे गडचिरोलीचे असणार, कारण २००६ चा वनहक्क कायदा देशात सर्वात मनावर घेतला तो त्यांनीच. मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या पहिल्या गावांपैकी. या कायद्यात शिकार सोडून 'परंपरेने उपभोगलेले इतर हक्क' अशी एक मोकळी जागा आहे. ओडिशाच्या नियमगिरीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ च्या निकालात डोंगरावरच्या देवाचा विषय ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितलं. एटापल्लीतल्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाची जानेवारीतली यात्रा भरते. डोंगराच्या पोटात लोहखनिज आणि माथ्यावर देव, हा पेच तिथल्या माडिया लोकांना पुस्तकात वाचावा लागत नाही.

पण बौद्धांसाठी या दारालाही उंबरठा आहे. अनुसूचित जमातीचे नसलेल्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करायचा तर १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलात राहिल्याचं आणि त्यावर अवलंबून असल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे साधारण १९३० पासून. दीक्षा १९५६ ची. इथे बरेच जण गोंधळतात आणि दावाच सोडून देतात. कायदा मोजतो ती राहण्याची वर्षं, धर्माची नाही. बफरमधल्या गावात ज्या कुटुंबाचा पणजोबा होता, ते कुटुंब १९५६ मध्ये बौद्ध झालं म्हणून त्याचं राहणं पुसलं जात नाही. कोतवाल बुकातली जुनी नोंद, गावातल्या म्हाताऱ्यांचं लेखी निवेदन, हे पुरावे चालतात. हक्क व्यक्तीच्या धर्मापेक्षा गावाच्या नावावर मागितला आणि त्यात राम मंदिराची वाट, विहाराची वाट, गोंडांच्या देवाची वाट अशा सगळ्या वाटा एकत्र लिहिल्या, तर तो दावा फेटाळणं जड जाईल. माझ्या मते रामदेगीसाठी सर्वात भक्कम रस्ता हाच आहे, आणि सोशल मीडियावर सर्वात कमी बोललं जातं तेही याबद्दलच. कारण यात कुणाला हरवायचं नसतं.

दुसरीकडे काय करतात?

वाघांच्या जंगलातलं देवस्थान ही चंद्रपूरची एकट्याची डोकेदुखी नाही. केरळात शबरीमला पेरियार व्याघ्र प्रकल्पात आहे. रणथंबोरच्या किल्ल्यात त्रिनेत्र गणेश आहे, तिथे एप्रिल २०२५ मध्ये दर्शनाहून परतणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला वाघाने उचललं, तरी देऊळ बंद झालेलं नाही. आणि विदर्भाच्या माणसाला समजेल असं उदाहरण पचमढीचं. नागद्वारची यात्रा सातपुडा व्याघ्र प्रकल्पात होते. वर्षभर ती वाट बंद. नागपंचमीच्या आसपास दहाएक दिवस उघडते, आणि चालणाऱ्यांत मोठा भरणा आपल्या नागपूर-अमरावतीकडच्या लोकांचा असतो. ठरलेले दिवस, ठरलेली वाट, दोन्ही बाजूंना आधीपासून माहीत असलेले नियम. गैरसोय होते, चेंगराचेंगरीची भीती असते, कचराही होतो. पण 'यंदा परवानगी मिळेल की नाही' अशी धाकधूक दरवर्षी नसते.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने १५ ऑक्टोबर २०१२ ला अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत पर्यटनासाठी गाभा क्षेत्राच्या २० टक्के भागाची मर्यादा आहे, जिप्सींची संख्या ठरवायचं सूत्र आहे. ताडोबात पर्यटनाची शिस्त त्यातूनच आली : गेटनिहाय गाड्या, वेळा, मंगळवारची सुट्टी. हीच शिस्त दर्शनासाठी लावायला काय हरकत आहे? कोणत्या तारखा, किती वाजेपर्यंत, गावातून बस कुणाची, खरकटं कोण उचलणार, भिक्खू किती राहणार आणि कुठपर्यंत फिरणार. दरवर्षी जानेवारीत नव्याने झटापट करण्यापेक्षा हे एकदाच कागदावर यावं.

आणि ज्या थायलंडकडे आपण बौद्ध देश म्हणून बघतो, तिथेही जंगल आणि विहार यांचं जमलेलंच आहे असं समजू नका. तिकडे वनवासी भिक्खूंची मोठी परंपरा आहे. उबोन राचाथानीजवळ अजान चाह यांनी १९५४ मध्ये जंगलातच विहार उभा केला आणि पुढे जगभरातून शिष्य तिथे आले. उत्तरेकडे काही भिक्खूंनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जंगलतोड रोखायला झाडांनाच चीवर गुंडाळून 'दीक्षा' द्यायला सुरुवात केली. दीक्षा घेतलेल्या झाडावर कुऱ्हाड कोण चालवणार!

पण त्याच थायलंडमध्ये कांचनाबुरीचं 'टायगर टेंपल'ही होतं. १९९९ मध्ये विहारात वाघाचा एक बछडा आला, मग आणखी आले, मग पर्यटक आले. वाघाच्या अंगावर हात ठेवून फोटो काढायचे पैसे. तुमच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी जुन्या अल्बममध्ये तो फोटो सापडेल. २०१६ मध्ये वनखात्याने धाड टाकली, १३७ वाघ हलवले, आणि फ्रीजरमध्ये ४० बछड्यांचे मृतदेह मिळाले. सुटका झालेले वाघही पुढे वाचले नाहीत. निम्म्याहून जास्त सरकारी ताब्यात असताना मेले.

रामदेगीच्या भिक्खूंनी वाघ पाळलेला नाही. बफरमधला वाघ त्यांच्या दारावरून स्वतःच्या मर्जीने जातो. त्यांच्याविरुद्ध बोलायचं तर खरकटं, वाहनं, वेळा यावर बोलावं, आणि त्यावर उत्तरं मागावीत.

जाणार असाल तर

विजासनला सकाळी जा, बोळांमध्ये उजेड कमी असतो, मोबाइलची बॅटरी भरून घ्या. मेणबत्ती आत लावू नका. भांदक स्टेशन दिल्ली-चेन्नई मार्गावर आहे, पण सगळ्या गाड्या थांबत नाहीत. चंद्रपूर किंवा बल्लारशाहला उतरणं सोयीचं. दीक्षाभूमी शहरातच आहे, वर्षभर जाता येतं, मात्र गर्दीचा अनुभव हवा असेल तर ऑक्टोबरच. रामदेगीला जाण्याआधी त्या दिवशीची वेळ आणि वाहनांचा नियम गेटवर विचारून घ्या, आणि उन्हं कलायच्या आत खाली या. पाण्याची बाटली न्या. रिकामी झाली की परत आणा.